करमणुकीची बातमी आणि एक राहिलेली पालकभेट



आमच्या सातवीच्या वर्गात दर शुक्रवारी शेवटच्या तासाला एक उपक्रम चालतो. त्याचं नाव मुलांनीच ठेवलंय, 'करमणुकीची बातमी'. पेपरात किंवा घरच्यांच्या मोबाईलवर वाचलेली सिनेमा-नाटकाची एखादी बातमी वहीत उतरवून आणायची, वर्गात मोठ्यानं वाचायची आणि त्यावर स्वतःचं मत दोन-तीन वाक्यांत सांगायचं. अट एकच. 'भारी आहे' आणि 'बोअर आहे' हे शब्द वापरायचे नाहीत.

उपक्रम सुरू करण्यामागे माझा स्वार्थ होता. पाठ्यपुस्तकातला उतारा वाचताना दर ओळीला अडखळणारा मुलगा 'पुष्पा'ची बातमी मात्र खडाखडा वाचतो, हे मी पाहिलं होतं. म्हटलं, गाडी ज्या रस्त्यानं जाते त्या रस्त्यानं नेऊ. फळ्यावर चार रकाने आखले : बातमी, जाहिरात, अफवा, मत. मुलानं वाचलेलं प्रत्येक वाक्य कुठल्या रकान्यात बसतं, ते वर्गानं ठरवायचं. 'चित्रपट अमुक तारखेला प्रदर्शित होणार' ही बातमी. 'यंदाचा सर्वात भव्य चित्रपट' ही जाहिरात. एका मुलानं तर एका नटाच्या निधनाची दुःखद वार्ता आणली आणि त्याच संध्याकाळी तो नट टीव्हीवर हसताना दिसला. सोमवारी मुलांनी स्वतःहून ते वाक्य अफवेच्या रकान्यात नेलं. हा धडा मला कुठल्याच पुस्तकातून इतक्या सहज शिकवता आला नसता.

आमची शाळा जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवर. शिवनेरी आमच्या मुलांना सहलीची जागा वाटतच नाही, मामाच्या गावासारखी वाटते. त्यामुळे रितेश देशमुखचा 'राजा शिवाजी' १ मे २०२६ ला येणार ही बातमी एकाच शुक्रवारी पाच जणांनी आणली. त्यातल्या एकाचं मत मला फार आवडलं. तो म्हणाला, "बाई, सगळे सिनेमे महाराज मोठे झाल्यावरच सुरू होतात. ते आमच्या गडावर लहान होते तेव्हाचं कोण दाखवणार?" खरं सांगू का, मलाही तेच बघायचंय. लढाया खूप बघून झाल्या.

माझं स्वतःचं लक्ष मात्र हेमंत ढोमेच्या 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम'कडे लागलं होतं. १ जानेवारी २०२६ ला तो येणार होता आणि बंद पडू पाहणाऱ्या मराठी शाळेची गोष्ट सांगणार होता. दर जूनमध्ये पट मोजताना आपल्या पोटात जो गोळा येतो, तो पडद्यावर दिसला तर तिकिटाचे पैसे वसूल. फक्त शेवटी भाषण नको. भाषणं आपण दर पंधरा ऑगस्टला ऐकतोच.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. आता जे सांगायचंय ते थोडं अवघड आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा शुक्रवार. एका मुलानं बातमी आणली : 'छावा'चे दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांचा 'ईठा' हा सिनेमा येतोय, त्यात श्रद्धा कपूर विठाबाई नारायणगावकरांचं काम करतेय. नारायणगावचं नाव ऐकताच वर्गात एकदम उत्साह. आमच्या कितीतरी मुलांचे वडील तिथल्या टोमॅटोच्या बाजारात जातात. मुलगा पुढे वाचायला लागला. विठाबाईंविषयी सगळीकडे सांगितला जाणारा तो प्रसंग आला, वगाच्या मध्येच त्या पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली. कोणीतरी दबक्या आवाजात शिट्टीही मारली.

आणि मी काय केलं? मी म्हणाले, "पुरे. खाली बस. तमाशाचं काय वाचायचं वर्गात? दुसरी बातमी कोणाकडे आहे?"

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिनं मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. घंटा झाली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिची आई फडात आहे. नाचते, आणि वगात कामही करते. दसऱ्याला फड बाहेर पडतो तो बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतो. धाकटा भाऊ आईबरोबर हिंडतो, ही आजीजवळ राहून शिकते. हे सगळं मला माहीत होतं. प्रवेशाच्या वेळी मीच तर तिची माहिती भरली होती!

पुढच्या शुक्रवारी तिनं बातमी आणली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. "आमच्याकडे पेपर येत नाही बाई," म्हणाली. आधी यायचा.

मी घरी विचार करत बसले. हे माझ्या तोंडून आलं कुठून? माझे वडीलही शिक्षक. लहानपणी ते आम्हाला व्ही. शांतारामांच्या 'पिंजरा'ची गोष्ट सांगायचे. १९७२ चा तो सिनेमा. डॉ. श्रीराम लागूंनी केलेले आदर्श मास्तर तमाशाच्या नादानं कसे रसातळाला गेले, हे सांगताना वडिलांचा आवाज बदलायचा. शिक्षकाच्या घरात ती गोष्ट म्हणजे धोक्याची पाटीच होती. सिनेमा उत्तमच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण इतक्या वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नाही, की त्या फडातल्या बायकांची लेकरं कुठल्या शाळेत जात असतील? मास्तरांची घसरण आपण डोळ्यांत पाणी आणून बघतो. तमाशातल्या पोरीचं हजेरीपत्रक कोण बघतं?

एका रविवारी मी तिच्या आजीकडे गेले. आजी पूर्वी फडात होत्या. मी मनातली चूक सांगितली. त्या हसल्या. "अवो बाई, आमाला सवय हाय." हे वाक्य मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

चहा झाल्यावर मी सिनेमाचा विषय काढला. मोबाईलवर श्रद्धा कपूरचा फोटो दाखवला. आजींनी चष्मा लावून नीट बघितला. "पोरगी गोड हाय. पर अंगात ताकद हाय का? घुंगरं बांधून रातभर उभं ऱ्हायचं म्हंजी खेळ न्हाय." मी सांगितलं, की लावणीच्या चित्रीकरणात तिच्या पायाला दुखापत झाली आणि काम थांबवावं लागलं. आजी लगेच म्हणाल्या, "मंग खरं नाचली म्हनायची!" सिनेमाची इतकी नेमकी परीक्षा मी आजवर कुठे वाचली नाही.

मग त्या बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. आधी गण, मग गौळण, मग बतावणी, शेवटी वग. मावशीला गर्दी हसली नाही तर पुढची रात्र कशी जड जायची. ट्रकमध्ये पेट्यांवर झोपून पुढचं गाव गाठायचं. सकाळी चुलीपाशी पोरांना भाकरी, रात्री तोंडाला रंग. आमच्याकडे जत्रेला तमाशा नसला तर ती जत्राच वाटत नाही. पण त्याच गावात दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी भरायला गेलं की बायका बाजूला सरकायच्या, तेही त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता.

मी म्हटलं, "आजी, वर्गात येऊन हे मुलांना सांगाल का?" त्यांनी दोन्ही हात जोडले. "नगं बाई. तुमी चांगल्या हायसा. पर पोरीला उद्या येकट्या वाटंनं घरी यायचं असतं."

मी पुन्हा आग्रह केला नाही.

मग मला जे जमण्यासारखं होतं ते केलं. पुढच्या शुक्रवारी वर्गात उभी राहून म्हणाले, "मागे मी एक बातमी मध्येच थांबवली. ती माझी चूक होती. आज ती पूर्ण वाचूया." वाचून झाल्यावर फळ्यावर लिहिलं : विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूर. वडील-चुलत्यांचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा गाजलेला फड. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान. शेवटचे दिवस हलाखीत. निधन २००२. आज राज्य सरकार तमाशा कलावंतांना जो जीवनगौरव पुरस्कार देतं, तो यांच्याच नावानं. बाळंतपणाचा प्रसंग मी टाळला नाही. एवढंच विचारलं, "तुमच्या जन्माच्या वेळी आई कुठे होती? दुसऱ्या दिवशी कामाला गेली असती का?" खुसखुस झाली नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, त्यांना सुट्टी का नाही दिली?" मी म्हटलं, "हाच प्रश्न वहीत लिही."

त्यानंतर संवादलेखन घेतलं. नेहमीचा 'दोन मित्रांमधील संवाद' बाजूला ठेवला आणि बतावणी लिहायला सांगितली. एक शहाणा, एक शहाणपणाचं सोंग घेतलेला वेडा. विषय, 'आमच्या गावात शूटिंग आलं'. मुलांनी धमाल केली. एकानं लिहिलं, हिरॉईनला बिबट्याची भीती दाखवली तर ती म्हणते, "त्याची तारीख मिळेल का?" आमच्याकडे ऊसात बिबटे आहेत, त्यामुळे वर्ग पोट धरून हसला. ज्यांच्या दारात बिबट्या येतो त्यांनाच त्याच्यावर विनोद करायचा हक्क आहे.

तिच्या वहीत दीड पान होतं. एकही शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही असं. प्रश्नाला प्रश्नानं उत्तर, तिसऱ्या वाक्याला हशा, आणि शेवटी शहाणाच वेडा ठरतो. हे तिला कोणी शिकवलेलं नाही, तिनं ते झोपेत ऐकलंय. मी तास घेऊन जे शिकवू बघत होते, ते तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. पानाच्या वर बारीक अक्षरात एक ओळ होती, 'बाई, वर्गात वाचू नका.'

मी वाचलं नाही. खाली 'उत्तम' लिहिलं, सही केली आणि वही परत दिली.

आता त्या सिनेमाविषयी माझं मत, कारण मुलांना अट घालते तर मलाही ती लागू. 'ईठा'ची मी वाट बघतेय आणि मला थोडी धास्तीही आहे. धास्ती ही, की त्या एकाच प्रसंगावर सिनेमा उभा राहील आणि बाकी सगळी नुसती गाणी असतील. आपल्या सिनेमावाल्यांना ढोलकी फडाचा तमाशा आणि चौफुल्यासारख्या ठिकाणची संगीत बारी यांतला फरकही अनेकदा दाखवता येत नाही. फडात सोंगाड्या असतो, वग असतो, तंबू ठोकणारी माणसं असतात, सुपारीचा हिशोब असतो. ते दिसलं तर मी मुलांना घेऊन जाईन. पण समजा सिनेमा वाईट निघाला, तरी एक गोष्ट झालीय. बातमी म्हणून का होईना, विठाबाईंचं नाव आमच्या फळ्यावर आलं. ते आधी यायला हवं होतं. माझी शाळा नारायणगावपासून काही कोसांवर, आणि त्यासाठी मला मुंबईच्या सिनेमाची वाट बघावी लागली, याची लाज वाटते.

शिक्षक मित्रांनो, तुम्हालाही हा उपक्रम घ्यायचा असेल तर जरूर घ्या. चार रकाने आखा. मुलांची मतं दुरुस्त करू नका, कारणं मात्र विचारा. आणि एखादी बातमी थांबवण्याआधी वर्गावरून एकदा नजर फिरवा. त्या बातमीत कोणाची तरी आई असू शकते.

पालकांना एवढंच सांगेन, मुलं सिनेमाच्या गप्पा मारतात म्हणून लगेच रागावू नका. "तुला असं का वाटलं?" एवढं विचारून बघा.

माझ्या नोंदवहीत त्या मुलीच्या नावापुढे 'पालकभेट' हा रकाना दोन वर्षं कोरा आहे. 'पालक उपस्थित राहत नाहीत' असा शेरा मीच मारलेला. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. यात्रा कमिट्यांची माणसं तिथं सुपारी द्यायला येतात, आणि तिचे वडील त्यातल्याच एका राहुटीत बसतात. या पाडव्याला मी तिथं जाणार आहे. वही घेऊन. ते दीड पान त्यांना दाखवू का, हे आधी तिला विचारीन.