तेवीसशे डॉलरचं पिल्लू

मुलीच्या शाळेच्या 'गाला'ला, म्हणजे निधी जमवण्याच्या मेजवानीला, आम्ही पहिल्यांदाच गेलो होतो. डॅलसजवळच्या या गावात राहायला येऊन दोन वर्षं झाली होती, चार ओळखी व्हाव्यात एवढाच हेतू. शाळेला प्रयोगशाळेसाठी पैसे जमवायचे होते. जेवण झालं आणि लिलाव सुरू झाला. मॅचची तिकिटं, कोलोरॅडोतल्या केबिनचे तीन दिवस, असं काय काय विकलं गेलं. मग एक बाई गळ्यात लाल रिबीन बांधलेलं गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू घेऊन आल्या. ते सगळ्या टेबलांवरून फिरलं. नऊ वर्षांच्या आमच्या लेकीने ते दोन मिनिटं मांडीवर घेतलं आणि माझं डोकं चालेनासं झालं.

बोली पाचशे डॉलरला सुरू झाली. हजारानंतर मी आणि पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ, असे दोघेच उरलो. बायको कोपराने ढोसत होती. तेवीसशेला पिल्लू माझं झालं. टाळ्या पडल्या. खरं सांगतो, त्या टाळ्या मला आवडल्या.

आमचं टाउनहाऊस भाड्याचं. करार मी दुसऱ्या दिवशी काढून वाचला. पाळीव प्राण्यासाठी मालकाची लेखी परवानगी लागत होती. ती मिळाली, पण चारशे डॉलर डिपॉझिट भरून. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. त्यामुळे सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या आईवर सगळं पडलं. पिल्लाचं नाव पेढा ठेवलं, तेही तिनेच.

"याची आई बघितलीस का?" तिने विचारलं. मी नाही म्हणालो. "अरे, सांगोल्याच्या बाजारात तुझे आजोबा बैलाचे दात बघायचे, चालवून बघायचे, मग रुमालाखाली हात घालायचे. विकणारासुद्धा विचारायचा, वैरणपाणी आहे का घरी. तुम्हाला कुणी काही विचारलं?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

चौथ्या दिवशी पेढा खाईना. संध्याकाळी उलट्या, रात्री रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी तपासणी केली, पार्व्हो विषाणू निघाला. पेढा आठ आठवड्यांचा होता, लशीचा एकच डोस झालेला. पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत द्यायचे असतात. तोवर पिल्लाला गर्दीत, अनोळखी बुटांच्या आसपास सोडू नये, असं डॉक्टर म्हणाल्या. लागण हॉलमध्ये झाली की आधीच्या जागी, हे सांगता येत नव्हतं. पाच दिवस सलाइन. बिल चौतीसशे. विमा मी दुसऱ्याच दिवशी काढला होता, पण आजारपणासाठी चौदा दिवसांची प्रतीक्षा होती. त्याचा काही उपयोग झाला नाही.

ज्यांनी पिल्लू दिलं होतं त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, मी ते शाळेला दान दिलं, आता माझा संबंध नाही. शाळा म्हणाली, आम्ही फक्त लिलाव केला. कागद म्हणून माझ्याकडे एक पावती होती. तिच्यावर पिल्लाची बाजारातली किंमत पंधराशे लिहिली होती, म्हणजे करपात्र उत्पन्नातून वजा होणार फक्त वरचे आठशे. हेही मला तेव्हाच कळलं.

पेढा वाचला. घर मात्र धुऊन काढावं लागलं, कारण साध्या साबणाने हा विषाणू मरत नाही. एक गॅलन पाण्यात अर्धा कप ब्लीच, आणि ते पुसण्याआधी दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. आईने कंबर धरत सगळी फरशी केली. अंगणातल्या मातीचं काही करता येत नाही, तिथे तो महिनोन्‌महिने टिकतो. शेजाऱ्यांना पिल्लू आणू नका म्हणून सांगताना मला लाज वाटली.

पुढे डॉक्टरांनीच सांगितलं की अनेक ब्रीड क्लबांच्या आचारसंहितेत लिलावाला किंवा सोडतीला पिल्लू देऊ नये असं कलम असतं. चांगला ब्रीडर आधी घर बघतो, आणि नाही जमलं तर कुत्रा कोणत्याही वयात परत घेतो. लिलावात घर कुणाचं, हे पैसा ठरवतो.

पुढच्या वर्षी मी लिलावाच्या समितीत गेलो. पिल्लाऐवजी कुत्र्याच्या प्रशिक्षणाचे सहा वर्ग ठेवू या, असं सुचवलं. ठेवले. साडेतीनशे आले. एक सभासद मला म्हणाले, "गेल्या वर्षी तेवीसशे आले होते." मी म्हटलं, "हो, माझेच."

परवा मुलीच्या सॉकर मॅचला ते पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ भेटले. त्यांच्या घराला कुंपण आहे. बायको घरूनच काम करते. आधीचा गोल्डन तेरा वर्षं जगून लिलावाच्याच वर्षी हिवाळ्यात गेला होता. बावीसशेच्या वर जायचं नाही, असं दोघांनी ठरवून ठेवलं होतं. ते गुडघ्यावर बसून पेढ्याच्या कानामागे खाजवत होते, नेमकं त्याला आवडतं तिथेच. मी विचारलं, कॉफी आणू का तुमच्यासाठी?