पाखरू उडवलं, एवढंच ना?



इरियावहीचा पाठ आपण सामायिकाच्या आधी रोज म्हणतो. लहानपणापासून तोंडात बसलेला, त्यामुळे म्हणताना जीभ धावते. पण एकदा त्याचा अर्थ सावकाश बघा. येता-जाता आपल्याकडून जिवांना काय काय त्रास होतो त्याची ती यादी आहे. धडक दिली, धुळीनं झाकलं, घासलं, दमवलं, घाबरवलं. जिवे मारणं सगळ्यात शेवटी येतं. आणि त्याच्या अगदी आधी काय आहे? एका जागेवरून उठवून दुसऱ्या जागी घालवणं. रक्त नाही, जखम नाही, तरी त्याचीही क्षमा मागायची!

हे एवढंसं कलम त्या यादीत इतकं खाली, मारण्याच्या शेजारी का असावं, ते मला नांदूर मध्यमेश्वरला गेल्यावर डोळ्यांनी दिसलं.

नाशिकहून साधारण 40 किलोमीटरवर, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा एकत्र येतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी पसरलं, मध्ये गवताची बेटं झाली, आणि पाखरं येऊ लागली. माणसानं शेतीसाठी पाणी अडवलं, त्यात पाखरांचं आपोआप साधलं. 1986 साली ते अभयारण्य झालं. 2020 मध्ये रामसर यादीत त्याचं नाव जाहीर झालं, आणि ते महाराष्ट्रातलं या यादीतलं पहिलं ठिकाण. अभयारण्य हा शब्दच बघा ना, आपल्या अभयदानाचा सख्खा भाऊ.

जायचं तर पहाटे. नवकारसीवाल्यांची अडचण होत नाही, उलट सोयच होते. जानेवारीत सूर्य सातच्या पुढे उगवतो, नवकारसी आठच्या सुमारास येते, आणि पाखरं बघायची खरी वेळ तीच. डबा गाडीत झाकलेला राहू द्यायचा. चापडगावला गावातलीच मुलं वाटाडे म्हणून येतात, तिपाईवर मोठी दुर्बीण लावून दाखवतात. आमचा वाटाड्या सारखा म्हणे, "काकू, वर बघा, वर बघा." आणि माझी नजर पायाखाली, चार हात पुढे! दवानं ओल्या वाटेवर गोगलगायी होत्या. शेवटी ठरवलं, चालायचं तेव्हा खाली बघायचं आणि थांबल्यावर वर.

नावं ऐकून तर मी खूश झाले. हळदीकुंकू बदक! काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके, अगदी कोयरीतलं हळदीकुंकू. वारकरी म्हणजे काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा. ते उडायच्या आधी पाण्यावरून धावतात. चक्रवाक केशरी रंगाचे, उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडे पिल्लं वाढवतात आणि हिवाळ्यात आपल्याकडे उतरतात. थापट्याची चोच उलथन्यासारखी चपटी, तिच्या कडांना कंगव्यासारखे दात. तो सारखा पाणी गाळत असतो. आपण गळण्यातून पाणी गाळतो ते जीव वाचवायला, आणि हा गाळतो ते जीव खायला. सूनबाईला हे सांगितलं तर ती इतकी हसली की वाटाड्यानं तोंडावर बोट ठेवलं.

खंड्यानं समोर मासा उचलला तेव्हा नातीनं विचारलं, "दादी, त्याला पाप लागतं का?" तिर्यंच आहे बेटा, आपल्याला पच्चक्खाण घेता येतं, एवढंच मी म्हटलं. मोठं उत्तर महाराजसाहेबांकडे.

आता मुद्द्याचं. आमच्या बाजूला एक कुटुंब उभं होतं. बदकांचा मोठा थवा पाण्यावर शांत बसला होता. त्यातल्या एका गृहस्थांना ती उडताना मोबाइलवर हवी होती. त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारली. सगळा थवा एकदम उठला, दोन घिरट्या घातल्या आणि दूर पलीकडच्या काठाला जाऊन बसला. वाटाड्याचा चेहरा उतरला, पण बोलणार कसा, आलेल्या पाहुण्यांवरच त्याचं पोट. मग मीच म्हटलं, "भाऊ, नका हो उडवू." ते हसले. "काकू, पक्षीच आहेत, उडणारच की!"

मी बी.कॉम. झालेली बाई, मला हिशेबाच्याच भाषेत सुचतं. ही बदकं हजारो किलोमीटर उडून येतात, ती अंगातल्या चरबीच्या भांडवलावर. इथे हिवाळाभर खाऊन पुन्हा जमा करतात, कारण मार्चपर्यंत परतीची वाट धरायची असते. बसून राहण्यापेक्षा उडायला कित्येक पट ताकद लागते. म्हणजे प्रत्येक टाळीला त्यांच्या खात्यात एक रक्कम नावे पडते, आणि त्या वेळात खायचं राहिलं ते वेगळंच. एका दिवसात असे दहा हौशी आले तर शिल्लक काय राहील? त्या गृहस्थांना मी एवढंच विचारलं, "तुम्ही जेवायला बसलात आणि कुणी फोटोसाठी पाटावरून दहा वेळा उठवलं तर?" त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. पटलं की म्हातारीचा मान राखला, देव जाणे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आमचं मंडळ. महावीर जयंतीला मुनिया पक्ष्यांचे पिंजरे विकत घेऊन ते सोडायचे, असा प्रस्ताव आला आहे. फोटो छान येतात, टाळ्या पडतात. माझा विरोध आहे आणि तो मी बैठकीत उभं राहून सांगितला. आपण दहा पिंजरे घेतले की विकणारा पुढच्या वर्षी वीस भरून ठेवणार. मागणी तिथे पुरवठा, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. कित्येकांची पिसं कापलेली असतात. सोडलं की कावळा नाहीतर मांजर. आणि जी उडतात ती अनोळखी जागी, ना थवा ना ओळखीचं गवत. पुन्हा तेच, एका जागेवरून दुसऱ्या जागी. शिवाय आपल्याकडचे रानपक्षी पकडणं-विकणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि विकत घेणाराही त्यातून सुटत नाही.

यावर आमच्या मोठ्या भाभी म्हणाल्या, "अगं, पण आज जे पाखरू पिंजऱ्यात तडफडतंय त्याचं काय? त्याला तुझा मागणी-पुरवठा सांगू?"

प्रश्न खोटा नाही. मलाही रात्री झोप लागली नाही. माझं उत्तर असं की पैसे देऊ नका, वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. ते पक्षी ताब्यात घेतात आणि उडण्याजोगे असतील तर योग्य जागी सोडतात. त्यात आपला फोटो येणार नाही. भाभी म्हणाल्या, "फोन केला आणि कुणी आलंच नाही तर?" त्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं: पुन्हा फोन करायचा. त्यांना ते पुरेसं वाटलं नाही.

निर्णय झालेला नाही. मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे चेक अजून वहीतच आहे. पुढच्या बैठकीआधी दोन गाड्या करून सगळ्यांनी चापडगावला जायचं ठरलंय. मोठ्या भाभीही येणार आहेत. गुडघ्यासाठी घडीची खुर्ची बरोबर घ्या म्हणाल्या. त्यांची काळजी एकच, चौविहाराच्या आत घरी पोचू ना? मी म्हटलं, भाभी, साडेपाचला निघायचंय, दुपारी आपण आपल्या स्वयंपाकघरात असू.