रविवारची राणी

सॅन फ्रान्सिस्कोत फिलिपिनो मंडळींचा फिल्म फेस्टिव्हल होता. ऑफिसमधल्या फिलिपिना मैत्रिणीने मला ओढूनच नेलं. फिल्म होती ‘संडे ब्यूटी क्वीन’, बेबी रुथ विलारामाची 2016 ची डॉक्युमेंटरी. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो बायकांची. मालकाच्याच घरात राहायचं, हा तिथला नियम. नोकरी गेली की दोन आठवड्यांत गाशा गुंडाळायचा. सुट्टी आठवड्यातून एकच, बहुतेकींना रविवारी. आणि त्या दिवशी या बायका काय करतात? चक्क सौंदर्यस्पर्धा! गाऊन, सॅश, मुकुट, सगळं. (आपण रविवारी बारापर्यंत लोळतो.) रात्री मुकुट काढून पुन्हा मालकाच्या दारात.

फिल्म मुद्दाम रडवत नाही, हे मला आवडलं. थिएटर तर टाळ्या वाजवत होतं. पडद्यावर मालकाचं मूल सांभाळणारी एकजण आली, तेव्हा मैत्रीण मात्र गप्प झाली.

बाहेर लुंपिया खाताना म्हणाली, “माझी आईपण तिथेच होती. नऊ वर्षं. मी आजीकडे वाढले. दर ख्रिसमसला आईचा मोठा खोका यायचा, बालिकबायान बॉक्स. साबण, चॉकलेटं, नवे बूट. बूट दरवर्षी एक नंबर लहान निघायचे.”