खट् आणि फुस्स

चाप ओढला. खट्. गोळी सुटलीच नाही.

हँग झालेल्या लॅपटॉपकडे बघावं तसा मी पिस्तुलाकडे बघत राहिलो. मागून बाई ओरडल्या, "बघतोस काय? हात चालव!"

डॅलसजवळच्या शूटिंग रेंजवरचा तो माझा दुसरा शनिवार. मार्चमध्ये आम्ही दोघं रूममेट ऑफिसात असताना आमच्या अपार्टमेंटचं दार कुणीतरी फोडलं. लॅपटॉप गेला त्याचं एवढं नाही, पण नंतर रात्री लिफ्ट वाजली तरी मी उठून बसायचो. म्हणून हे शिकायला आलो. इथल्या केंद्रीय कायद्यानुसार एचवनबीवाल्याला बंदूक बाळगता येत नाही, पण काही अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे शिकारीचा वैध परवाना. वारकरी घरातला, अंडंही न खाणारा मी, शिकारीचा परवाना काढून आलो! आईला सांगितलंय, शनिवारी जिमला जातो.

बाई आमच्या मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादं नकली काडतूस गुपचूप मिसळतात. त्यात दारू नसते, त्यामुळे नुसतं खट् वाजतं. मग बोट चापावरून काढायचं, मॅगझिनच्या बुडाला तळहाताने जोरात थाप द्यायची, स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडायची आणि पुन्हा समोर बघायचं. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये धुराड्यासारखी उभी अडकली, तरी बहुधा एवढ्यानेच निघते. दोन काडतुसं एकदम आत घुसू पाहत असतील तर मात्र स्लाइड मागे अडकवून मॅगझिन उपसून काढावं लागतं. नुसत्या नेमबाजीत खट् झालं, तर नळी समोर ठेवून साधारण 30 सेकंद थांबायचा नियम आहे, कारण गोळी उशिरा सुटू शकते. स्वसंरक्षणाच्या सरावात तेवढा वेळ नसतो, म्हणून हाताला विचार न करता चालायची सवय लावायची.

घरी पिस्तूल नव्हतं, मग टीव्हीच्या रिमोटवर सराव केला. रिमोटला थाप मारणं आपल्याला लहानपणापासून येतंच! दीड महिन्यात हात आपोआप चालायला लागले.

मग एका शनिवारी खट् नाही, फुस्स झालं. आवाज दबका, हाताला धक्का जवळजवळ नाहीच. माझी थाप मारूनही झाली होती, हात स्लाइडवर गेला होता. "थांब!" बाईंनी सगळी रेंज थांबवली. पिस्तूल रिकामं करून नळीत सळई घातली, तर ती मध्येच अडली. काडतुसात दारू पुरेशी नसावी, त्यामुळे गोळी नळीतच अडकली होती. मी स्लाइड ओढून पुढची गोळी झाडली असती, तर नळी फुटू शकली असती.

"खट् झालं तर हात चालव, फुस्स झालं तर थांब," बाई म्हणाल्या. "फरक कानाला कळायला हवा."

घरी येताना ऑफिसच आठवत होतं. रात्री तीनला अलार्म आला की लॉग न वाचता सर्व्हर रिस्टार्ट करणारा मीच. बहुतेक वेळा चालून जातं.

त्याच आठवड्यात रात्री दोनला दाराशी खुडबुड झाली. मी सोफ्यावर होतो. भानावर आलो तेव्हा उभा होतो, दोन्ही हात समोर ताणलेले, रिमोट दाराकडे रोखलेला. "कोण आहे?" हे विचारायचं नंतर सुचलं.

"अरे मी! रिलीज आत्ता संपलं. हे नवीन कुलूप अडकतंय, उघड ना."

दार उघडलं. तो माझ्या हातातल्या रिमोटकडे बघून हसला. मला हसू आलं नाही. पिस्तूल अडकलं तर काय करायचं ते माझ्या हातांना पाठ झालं होतं. दाराशी कोण आहे, हे आधी विचारायचं मात्र मी एकदाही घोकलं नव्हतं.

शनिवारी अजून जातो. पिस्तूल विकत घेतलेलं नाही. घेईन की नाही, ठरलेलं नाही. कुलपात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच तेल घातलं.