दक्षिणेच्या वाटेवर

२०२४ च्या नोव्हेंबरअखेरीस आम्हां कुटुंबीयांपैकी अकरा जण टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने घेऊन वसईहून जुन्या गोव्यास निघालो. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर वर्षदशकाने होणारे दर्शन २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारीपर्यंत होते. आसनांखाली स्टोव्ह, तांदूळ, चटया. गाडी म्हणजे चालते बिऱ्हाडच.

पहिला मुक्काम द्रोणागिरीस, आत्याकडे. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोऱ्याला उतरावे लागे. त्या वर्षी जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि 'उरण दूर पडते' ही नातलगांची सबब संपली.

आत्या ऐंशीच्या पुढची. चारचौघांत ती आम्हांला 'फादर' म्हणते, स्वयंपाकघरात मात्र अरेतुरे. १९७४ चे दर्शन तिने बोटीने पणजीस जाऊन घेतले होते. आता हृदयविकार. तरीही तिची पिशवी दाराशी भरून ठेवलेली.

"फादर, तुम्हीच समजवा. देव घरीही ऐकतो म्हणावं," तिचा मुलगा हळूच म्हणाला.

हे वचन खरेच. पण ते आत्याला आमच्या गुरुदीक्षेच्याही आधीपासून ठाऊक होते. "पुढचं दर्शन २०३४ ला. तोवर मला कोण ठेवणार?" तिने विचारले. मुलाची भीती खोटी नव्हती. महाडपुढचा घाट आणि रात्रीचा प्रवास आम्हांलाही सुचत होता. आम्ही तिच्या डॉक्टरांना फोन केला. रोज थोडेच अंतर कापा, औषधे चुकवू नका, असे ते म्हणाले. मुलगा गप्प राहिला, मग स्वतःच गादी आणून मधल्या आसनावर अंथरू लागला.

आम्ही बारा झालो. पेण येण्याआधीच आत्याने पवित्र माळेस सुरुवात केली.