हजेरीच्या वहीतला रकाना

चि. निखिल यास,


वरोऱ्याजवळच्या रस्त्याच्या कामावर तू रुजू झालास, हे ताईकडून कळलं. तिनं ४६ अंशांचा धसका घेतलाय. तू तिला म्हणालास म्हणे, "चिपळूणला काय कमी घाम येतो?" येतो रे, पण वाळत नाही. इकडे घाम फुटता फुटता उडून जातो. सदरा कोरडा, म्हणून माणूस पाणी पीत नाही. दुपारी पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात तेव्हा कळतं. शिवाय पेपरातला आकडा सावलीतल्या, लाकडी पेटीतल्या तापमापकाचा. तुझी माणसं उन्हात, आणि पुढ्यात दीडशे अंशांच्या आसपासचं डांबर.

आता जे लिहितोय ते ताईला सांगू नकोस. मी कालव्याच्या कामावर होतो तेव्हा एक नवा पोरगा आला. अंगानं दणकट. तिसऱ्याच दिवशी दुपारी बरळायला लागला, पाय लटपटले. मुकादम म्हणाला, दारू पिऊन आलाय. मलाही तेच वाटलं. झाडाखाली निजवला आणि आम्ही कामाला लागलो. तासाभरानं पाहिलं तर अंग भट्टीसारखं. मग जीप शोधत बसलो. पाण्याचा टँकर वीस पावलांवर उभा होता, आणि तो आम्हाला सुचला नाही. पोरगा वाचला नाही.

ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला की आधी त्याच्यावर पाणी ओत, कपडे सैल कर, वारा घाल. १०८ ला फोन दुसऱ्याला करू दे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नकोस. क्रोसिन वगैरे उपयोगाची नाही, तो ताप वेगळा. (खिशात कांदा ठेवायचा असेल त्यानं ठेवावा, माझी हरकत नाही.)

बळी जातो तो बहुधा नवा माणूस. उन्हाला सरावायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं. म्हणून नव्याला पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम, पुढे रोज तेवढंच वाढवायचं. गावी लग्नाला जाऊन आठवड्यानं परतलेला जुना गडीही बराचसा नवाच. कंत्राटदार कुरकुर करील. त्याला खारघरचा तो भर उन्हातला पुरस्कार सोहळा आठव म्हणावं: १६ एप्रिल २०२३, पारा ३८ च्या आसपास, माणसं नुसती बसलेली, तरी १४ जण गेले.

काम पहाटे पाचला सुरू कर, अकराला थांबव. पाणी दर वीस मिनिटांनी पेलाभर, तहानेची वाट न बघता. आणि तूही नवाच आहेस, हे विसरू नकोस.

मामीनं पन्ह्याचा गर आणि दोन सुती दुपट्टे पाठवलेत. हजेरीच्या वहीत नावापुढे एक रकाना आखून घे: साइटवर दिवस कितवा. पहिलं नाव तुझं लिही.

तुझा,
मामा