मुलकोवालची बाटली

परप्रांतात सरकारी नोकरी करणाऱ्या आम्हां मंडळींना चौकशी म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच की काय, सूक्ष्मजंतुशास्त्राचा इतिहास वाचताना आमचे मन शोधांपेक्षा एका चौकशीपाशीच अधिक घुटमळते.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला. १८९६ साली मुंबईत त्या रोगाने थैमान घातले, तेव्हा हाफकीन यांनी मांसरसावर तुपाचे थेंब तरंगवून त्यांखाली हे जंतू वाढविले, उष्णतेने मारले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस स्वतःच टोचून घेतली.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे (हे गाव आता पाकिस्तानात आहे) १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांची लस एकाच बाटलीतली! धनुर्वाताचा जंतू बीजाणूचे कवच पांघरून मातीत वर्षानुवर्षे तग धरतो. बाटली उघडण्याचा चिमटा सहायकाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्या बाटलीचे बूच काढले गेले होते. तरी ठपका आला तो मुंबईच्या प्रयोगशाळेवर. हाफकीन यांचे पद गेले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू मांडली, तेव्हा कोठे १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९२५ साली परळच्या त्याच संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

त्या एकोणीस घरांचे दुःख यामुळे हलके झाले नसेल. पण कोणाच्या नावापुढे दोष लिहिण्यापूर्वी खाली पडलेला चिमटा शोधावा, एवढे आम्ही त्यातून शिकलो.